उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई म्हटले की आपल्याला शारदा सदन आठवते, केशवपन केलेल्या बालविधवा आठवतात आणि 'केसरी'तला वाद आठवतो. परीक्षेला एवढे पुरते. परंतु या बाईंनी आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे ज्या कामात घातली, त्याचा उल्लेख आपल्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलेला असतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकहाती संपूर्ण बायबल मराठीत आणले. समाजसुधारकांच्या यादीत त्यांना बसवायचे म्हटले की हे काम यादीबाहेर राहते, आणि धर्मांतरितांच्या यादीत बसवायचे म्हटले की त्यांचे भांडण बाहेर राहते. कारण ख्रिस्ती झाल्यावरही त्या भांडतच होत्या, आणि तेही थेट देवाच्या स्वरूपावरून.

मी ख्रिस्ती नाही. हा लेख धर्माच्या प्रचाराचा नाही, तसाच धिक्काराचाही नाही. आमच्या वाघोलीहून केसनंद, थेऊर करीत सोलापूर रस्त्याला लागले की उरुळी कांचन आणि यवतच्या पुढे केडगाव येते. दौंड तालुक्यातल्या या केडगावात रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. इतक्या जवळ राहून त्या बाईंना केवळ टिपणातून ओळखावे, हे मला बरे वाटले नाही. म्हणून त्यांनी १९०७ साली लिहिलेले आत्मनिवेदन आणि इंग्लंडातल्या दिवसांचा पत्रव्यवहार वाचून काढला. त्यातून जे हाती लागले ते लिहीत आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. शास्त्रीबुवा तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत. बायकांना संस्कृत येऊ शकते, ही गोष्ट शिष्याच्या मनात तेव्हापासून घर करून बसली. पुढे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले, लोकांचा रोष पत्करला आणि अरण्यात जाऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. पंधरा वर्षांची होईपर्यंत रमेला भागवत मुखोद्गत होते. हे कुटुंब गावोगाव, क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगत फिरे आणि श्रोत्यांच्या दक्षिणेवर त्यांचा चरितार्थ चाले.

येथे थोडे थांबले पाहिजे. पुराण सांगणाऱ्या घरात जग कसे निर्माण झाले हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ठेवलेला नसतो. तो रोजच्या भाकरीचा भाग असतो. शेषशायी विष्णू, त्याच्या नाभीतले कमळ, कमळावरचा ब्रह्मदेव, त्याचे तप आणि त्यापुढची प्रजोत्पत्ती हे सारे त्या मुलीने शेकडो श्रोत्यांसमोर सांगितले असेल. पुढे ज्या पुस्तकाने तिला हलवले, त्याच्याकडे ती कोऱ्या पाटीने गेली नव्हती. सृष्टीची एक संपूर्ण कथा तिच्या जिभेवर होती.

मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. १८७४ पासून तीन वर्षे त्याने माणसे खाल्ली. शास्त्रीबुवांनी जे होते ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत घालवले, कारण शास्त्रात संकटकाळी तेच सांगितले होते. देव पावले नाहीत. वडील गेले, आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. उरली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी हजारो मैल तुडवले, थंडीच्या रात्री अंगावर वाळू ओढून घेऊन काढल्या. आपण सांगितलेले सर्व पाळले आणि तरीही कोणी ऐकले नाही, ही गाठ या मुलीच्या मनात पडली ती इथे. सुधारकांच्या चरित्रांत शंका बहुधा वाचनातून सुरू होते. रमाबाईंची शंका उपाशी पोटी सुरू झाली.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले पंडित चकित झाले आणि त्यांनी तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिथेच एका ख्रिस्ती मेळाव्याचे निमंत्रण आले. प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात असे या भावंडांना वाटले! निघताना त्यांना बायबलची एक संस्कृत प्रत मिळाली. ती उघडून पाहिली, पण काही बोध होईना. शब्द संस्कृत होते, पण त्यांमागचे जग अनोळखी होते. पुढे स्वतः भाषांतराला बसलेल्या रमाबाईंना हा अनुभव उपयोगी पडला असावा, असे मला राहून राहून वाटते.

कलकत्त्यातच केशवचंद्र सेनांनी त्यांना विचारले की वेद वाचले आहेत का. स्त्रीने वेद वाचायचे नसतात, असे त्यांनी सांगताच सेनांनी वेदाची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथही वाचायला घेतले. हजार गोष्टींवर एकमेकांशी भांडणारे हे ग्रंथ एका बाबतीत मात्र एकमुखी आहेत, असे त्यांना आढळले: स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, स्वभावतःच अधम, तिला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, तिचा देव तिचा नवरा. ज्यांच्या आधारे आपण पोट भरले, त्या ग्रंथांच्या हिशेबात आपण कुठेच नाही, ही जाणीव कोणाही विद्वान स्त्रीला पोळणारच.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते शूद्र समजल्या जाणाऱ्या जातीचे होते. दोघांचाही रूढ धर्मावर विश्वास उरलेला नव्हता. संसार मांडला तो आसामकडे, सिल्चरला. आता मी ज्या प्रसंगाकडे येऊ पाहत होतो तो इथला.

सिल्चरच्या घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली. तिथे ॲलन नावाचे एक बॅप्टिस्ट मिशनरी येत असत. एके दिवशी त्यांनी रमाबाईंना उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्याय समजावून सांगितला. बायबलची सुरुवातच या अध्यायाने होते. ही कथा पुराणांतल्या सर्व कथांहून अगदी निराळी आहे असे रमाबाईंना वाटले. ती खरी असावी असेही वाटले, पण का, ते सांगता येईना. हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे आणि त्यापलीकडे स्पष्टीकरण दिलेले नाही.

त्यांनी दिले नाही म्हणून आपण विचार करू नये असे नाही. तो अध्याय मी वाचला. त्यात युद्ध नाही, समुद्रमंथन नाही, देवाच्या जन्माची कथा नाही, देवाला पत्नी नाही. देव बोलतो आणि वस्तू होते. उजेड पहिल्या दिवशी होतो, आणि सूर्यचंद्र चौथ्या दिवशी, तेही दिवस-रात्र वेगळे करण्यासाठी टांगलेल्या दिव्यांसारखे. सूर्याला अर्घ्य देणाऱ्या घरातल्या मुलीला हे केवढे धक्कादायक वाटले असेल! जे जे पूजेला लावले जाते, सूर्य, चंद्र, झाड, पशू, ते सर्व इथे केलेल्या वस्तूंच्या रांगेत उभे केले आहे. सहाव्या दिवशी मनुष्य होतो, आणि तिथे नर व नारी दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे म्हणून एका दमात सांगितले आहेत. मुखातून कोण, बाहूतून कोण आणि पायातून कोण, असली वाटणी नाही. नुकतेच धर्मशास्त्र वाचून पोळलेल्या, शूद्राशी लग्न करून बसलेल्या ब्राह्मण मुलीने हे ऐकले. कथा खरी का वाटली, याचे उत्तर मला तरी एवढ्यात मिळते.

अर्थात दुसऱ्या अध्यायात स्त्री पुरुषाच्या फासळीतून होते आणि तिसऱ्यात फळ खाऊन दोष घेते. चर्चच्या पुरुषांनी शतकानुशतके पहिल्या अध्यायापेक्षा या दोन अध्यायांचाच अधिक उपयोग केला. धर्मग्रंथ कोणताही असो, अर्थ लावणाऱ्याला हवे ते पान आधी सापडते. हेही रमाबाईंच्या वाट्याला येणारच होते.

पत्नीने ख्रिस्ती व्हावे ही कल्पना बिपिनबाबूंना पसंत नव्हती. पण १८८२ च्या आरंभी पटकीने त्यांचा मृत्यू झाला. वर्षाचीही नसलेली मनोरमा कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रीडॉक्टरांची आणि शिक्षिकांची गरज मांडली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांच्या प्रार्थनासमाजी वर्तुळात त्यांचे स्वागत झाले. एकच निराकार देव, तो सर्वांचा पिता, या विश्वासावर त्या काही काळ स्थिर होत्या.

हा विश्वास हलवला तो एका मराठी माणसानेच. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ते १८४८ मध्ये ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले. 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी सहाही दर्शनांची उलटतपासणी केली होती. त्यांचा मुद्दा मोठा मार्मिक होता. ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी म्हणतात की दयाळू पित्यासारखा एक निर्माता देव आम्हाला अंतःकरणाच्या साक्षीने कळला. गोऱ्यांचे म्हणणे असे की तो अंतःकरणाने कळलेला नाही. ज्या पुस्तकाचे नाव तुम्ही घेत नाही, त्यातूनच तो उचललेला आहे. आपल्या दर्शनांत परमाणू अनादी आहेत, प्रकृती अनादी आहे, कर्म अनादी आहे. काहीही नसताना केवळ आपल्या इच्छेने जग करणारा देव त्यांत कुठे आहे? हा युक्तिवाद आपल्या दर्शनांना पुरता न्याय देतो असे मला वाटत नाही. पण शास्त्रार्थाची भाषा जाणणाऱ्या रमाबाईंना तो भिडला. गोऱ्यांचे पत्र त्यांना पुढे इंग्लंडात मिळाले, आणि आपल्या ख्रिस्ती होण्याचे श्रेय त्यांनी त्यांनाच दिले. साहेबांच्या देशात राहूनही त्यांना पटवले ते एका शास्त्रीबुवांनी!

१८८३ मध्ये वैद्यकी शिकावी म्हणून त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे सेंट मेरीच्या भगिनींकडे राहिल्या. कानाने कमी ऐकू येऊ लागल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला. लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना भगिनी आपुलकीने सांभाळतात हे त्यांनी पाहिले. अशा स्त्रीला दयेने वागवावे असे आपल्याकडे कोणी सांगितलेले त्यांच्या ऐकण्यात नव्हते. तिथे त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडची चरित्रे इथे अध्याय संपवतात. खरी गंमत यापुढे आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या या नव्या मुलीने आता मुकाट्याने शिकवलेले शिकावे, ही भगिनींची अपेक्षा. त्या काळच्या इंग्लिश चर्चमध्ये त्रैक्याचा सिद्धान्त, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे असून देव एकच, हा मानल्याशिवाय ख्रिस्ती म्हणवता येत नसे. रमाबाईंना तो पचेना. अनेक देवांना सोडून एका देवाकडे आलेल्या बाईला तीन हा आकडा पुन्हा पुढे केलेला पाहून काय वाटले असेल! सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक माता. त्यांच्याशी आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या प्रमुख डोरोथिआ बील यांच्याशी रमाबाईंचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. रमाबाईंचे म्हणणे साधे होते. ख्रिस्ताने स्वतः जे सांगितले आणि पुस्तकात जे लिहिले आहे ते मी मानते. पुढच्या शतकांत धर्मपरिषदांनी घडवलेली सूत्रे पुस्तकाच्या बरोबरीची नाहीत. कुमारी मातेच्या गोष्टीबद्दलही त्यांनी शंका काढल्या. आपल्याकडच्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, ते दुसऱ्या पुरोहितांसाठी पुन्हा मानेवर घ्यायचे नाही, हे त्यांनी जेराल्डीनना स्पष्ट कळवले. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरायचे चालले होते, तेव्हा लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा अधिक काय आहे, असा त्यांचा प्रश्न होता. बिचाऱ्या जेराल्डीनना ही मुलगी गर्विष्ठ वाटली. बीलबाई अधिक समंजस. शंका घेणे म्हणजे पाखंड नव्हे, हे त्या जाणत होत्या.

वादाचा दुसरा पदर असा की रमाबाईंनी चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानात काम करणाऱ्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात गेल्यावर तिची अब्रू जाईल म्हणे! पुण्याच्या शास्त्र्यांनी याहून निराळे काय सांगितले असते? नर आणि नारी एकाच प्रतिरूपाचे, हा अध्याय पढवणाऱ्यांच्या कपाटात तो बंदच पडला होता.

त्यापुढचा काळ आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. १८८६ मध्ये अमेरिका, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून गदारोळ, रानडे व भांडारकर यांचा सल्लागार मंडळाचा राजीनामा, पालकांनी नेलेल्या मुली. मध्यंतरी, १८९१ च्या सुमारास, त्यांना असे उमगले की आपण ख्रिस्ती धर्म मिळवला पण ख्रिस्त मिळवला नाही. तेव्हापासून त्यांच्या श्रद्धेचा सूर बदलला. त्रैक्याचा वाद त्यांनी पुढे वाढवला नाही; प्रचलित ख्रिस्ती श्रद्धेच्या त्या जवळ गेल्या. मात्र अखेरचा अधिकार पुस्तकाचा, पुरोहिताचा नव्हे, ही भूमिका कधी सुटली नाही. कोणत्याही एका पंथाच्या दावणीला त्या बांधल्या गेल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. आपण पूर्वी ज्या उपासमारीतून गेलो तीच इथे त्यांना समोर दिसली. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्यातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. (१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिकडची मुले आमच्या वाघोलीच्या संकुलात शिकायला आली, त्यांची हकीकत वडीलधाऱ्यांकडून ऐकली की मला केडगावच्या या मुली आठवतात.) तिथे शेती होती, विहिरी होत्या, तेलघाणा होता, दुग्धालय होते, आणि छापखाना होता. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले इथे उतरले.

या मुलींच्या हाती कोणते बायबल द्यायचे? मराठी बायबल होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून मिशनऱ्यांनी त्यावर श्रम केले होते. पण पंडितांच्या साहाय्याने झालेली ती भाषा संस्कृतप्रचुर होती. रमाबाईंची तक्रार दुहेरी. एक, खेड्यातल्या बाईला ती समजत नाही. दोन, तिच्यातले अनेक शब्द हिंदू ग्रंथांतून उचललेले, म्हणून ते आपला जुना अर्थ बरोबर घेऊन येतात.

ही दुसरी तक्रार कशी खरी आहे ते पहिल्या वाक्यापासूनच पाहता येते. 'सृष्टी' शब्द घ्या. सृज् धातूचा मूळ अर्थ सोडणे, बाहेर टाकणे. कोळी आपल्यातून धागा काढतो तसे जग परमात्म्यातून निघाले, ही कल्पना त्या शब्दाला चिकटून येते. हिब्रूत तिथे 'बारा' हे क्रियापद आहे, आणि बायबलमध्ये त्याचा कर्ता नेहमी देवच असतो. कर्ता वेगळा आणि केलेली वस्तू वेगळी. 'देव' शब्द घ्यावा तर आपल्याकडे मारुतीही देव, वेशीवरचा म्हसोबाही देव. हिब्रूतला 'एलोहीम' तर रूपाने अनेकवचनी, पण पहिल्याच वाक्यात त्याचे क्रियापद एकवचनी! पुढे मनुष्य करताना हा देव आपण करू या अशा अर्थाचे बोलतो. ख्रिस्ती टीकाकारांनी तिथे त्रैक्याची चाहूल पाहिली, यहुदी टीकाकारांनी देवदूतांची सभा. पाण्यावर जो आत्मा घोटाळतो, त्यासाठीच्या 'रूआह' शब्दाचा अर्थ वाराही होतो आणि श्वासही, आणि व्याकरणाने तो बहुधा स्त्रीलिंगी. देवाच्या स्वरूपाचे सगळे वाद या दोन-तीन ओळींत दडलेले आहेत. भाषांतरकाराला टीपा देऊन सुटता येत नाही. त्याला एक शब्द निवडावाच लागतो.

रमाबाईंनी साधा शब्द निवडायचे ठरवले. वयाची चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि ऐकू जवळजवळ येईनासे झालेले असताना रोज भाषांतर करीत राहिल्या. मदतीला आश्रमातल्याच स्त्रिया. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, पाने बांधणाऱ्या मुलीच; त्यांतल्या कितीजणी दुष्काळात रस्त्यावरून उचललेल्या.

या निर्णयावर माझे मन पूर्णपणे ठरत नाही. संस्कृतवर असा अधिकार असलेली स्त्री आपल्याच भांडाराकडे पाठ फिरवते, याचे वाईट वाटते. त्यांचे समकालीन रेव्हरंड टिळक, आमच्या याच नगर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहणारे, तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेल्याचे सांगत आणि संतांच्या भाषेत ख्रिस्त गात. मराठी ख्रिस्ती माणसाला टिळकांची भजने तोंडपाठ झाली, रमाबाईंचे भाषांतर मात्र चर्चमध्ये फारसे रुळले नाही. शब्द धुऊन त्यांचा जुना रंग काढता येतो का, हीही शंकाच आहे. पण टिळकांना संतांचा वारसा सुखाने घेता आला, त्यात त्यांना त्यांची जागा होती. रमाबाईंना ज्या ग्रंथांनी बाहेर ठेवले, त्यांचेच शब्द वापरून आत आलेल्या मुलींना देव सांगायचा होता. ही अडचण टिळकांची नव्हती.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा मिरजेला वारली. केडगावचे काम जिच्या हाती द्यायचे ती मुलगी आईआधी गेली. रमाबाईंनी भाषांतर थांबवले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे देहावसान झाले. छापखान्यात काम चालूच राहिले, आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर पडले.